हट्टी माणसांची वही

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की बरकतपुऱ्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दोरखंडाने बांधली जाते. बरकतपुरा हैदराबादेत आहे, आणि हैदराबादेहून समुद्र बघायचा म्हटलं तर एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. तरी टाकी बांधली जाते. बांधणारा माणूस बहात्तर वर्षांचा आहे, त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असते आणि गळ्यात शिट्टी असते. दोराचं दुसरं टोक आमचा वॉचमन यादगिरी धरतो आणि जिन्यात कोणी भेटलं की, मी फक्त धरलंय, असं सांगतो.

"टाकी कुठे जाणार आहे, काका?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"तुम्ही टाकी उडताना पाहिली नाही, म्हणून असं बोलता," ते म्हणाले. नाहीच पाहिली, मी कबूल केलं. "मी पाहिलीय. नगरपालिकेचीच होती. आणि नोटीस मला आली."

हे आमचे प्रभाकरराव उदगीरकर. बिल्डिंगमधली पोरं त्यांना तुफान अंकल म्हणतात. आडनावावरून माणूस उदगीरचा वाटेल, पण तीन पिढ्यांत उदगीरला कोणी गेलेलं नाही. आजोबा निजामाच्या महसुलात होते, वडील वकील, आणि हे सरकारी नोकरीत लागले तेव्हा त्यांची बदली झाली चिन्नरेवूला. चिन्नरेवू म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरचं एवढंसं बंदराचं गाव. मासळीबाजार, एक मीठगोदाम, एक शाळा, आणि दर दोन-तीन वर्षांनी येणारं वादळ. तिकडे अशा लहान गावाच्या नगरपालिकेलाही कमिशनर असतो. तिथे नेमलेला कमिशनर पहिलं वादळ बघतो आणि दुसऱ्याच्या आत बदली करून घेतो, अशी पद्धत होती. काकांनी बदली मागितली नाही, आणि त्यांच्या जागी यायला कोणी तयार नव्हतं. असे ते तिथे अकरा वर्षं राहिले आणि तिथूनच रिटायर झाले.

रिटायर फक्त कागदावर झाले. त्यांच्या ग्राउंड फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये शिरलात तर फ्रिज दोन विटांवर उभा दिसेल, पलंग तीन विटांवर. भिंतीवरचे फोटो पॉलिथिनच्या पिशवीत आहेत. गणपतीसुद्धा पिशवीत आहे. त्याला श्वास घ्यायला म्हणून वर गाठ सैल ठेवली आहे, असं ते स्वतः दाखवतात. कोणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं की लोक मुलाची नोकरी विचारतात. काका विचारतात, त्यांचं घर रस्त्यापासून किती उंच आहे. माझ्या भाचीच्या लग्नात मांडवाचे सगळे दोर त्यांनी होडीच्या गाठींनी पुन्हा बांधले. वारा आला नाही. पण दुसऱ्या दिवशी मांडववाल्यांना गाठी सुटेनात, आणि हिमायतनगरच्या पुढच्या लग्नाला मांडव दुपारी पोचला. त्या घरचे लोक अजून आमच्याशी बोलत नाहीत.

या माणसाशी माझा संबंध सरकारी आहे. बारा फ्लॅटच्या आमच्या असोसिएशनची मी सेक्रेटरी आहे. ज्या मीटिंगला मी गैरहजर होते तिच्यात माझी एकमताने निवड झाली. निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दाराखालून एक कागद आत सरकला. वर 'विषय' लिहिलं होतं, खाली 'संदर्भ' लिहिलं होतं, आणि मजकूर असा होता, की गच्चीच्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे असणं हे प्रशासनाच्या दृष्टीने योग्य नाही. तेव्हापासून आठवड्याला एक कागद येतो. सगळे मराठीत, कारण बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं, आणि आमच्या घरात मराठी वाचण्याचा आळस नसलेली मी एकटी. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, पहिली ओळ वाचतो आणि कागद माझ्याकडे देतो.

त्यांची सगळ्यात लाडकी ओळ म्हणजे, "नाव बोला, माणसं बोला." चिन्नरेवूच्या शाळेत, वादळाच्या आधी लोक येऊन बसले, की दारात उभं राहून ते प्रत्येक घराला हे विचारत. नाव, आणि घरातली किती माणसं वर आली. सगळी नावं येईपर्यंत यादी बंद करायची नाही, आणि यादी बंद झाल्याशिवाय कमिशनरने जेवायचं नाही. बरकतपुऱ्यात आता ते लिफ्ट बंद पडली की हे विचारतात. आत अडकलेली माणसं घाम पुसत नाव सांगतात, आणि मगच यादगिरी किल्ली लावतो.

एकदा तर त्यांनी आमच्या सगळ्यांच्या दारांवर खडूने लिहिलं. तिकडे वादळाआधी असं लिहायची पद्धत होती, म्हणजे शोधायला येणाऱ्या माणसाला आत किती जण आहेत ते कळतं. आमच्या दारावर होतं, '३ माणसं, पैकी १ म्हातारी'. दोनशे तीनमधल्यांनी समजलं की चोरांनी खूण केली, आणि पोलीस बोलावले. काका खाली आले, त्यांनी सगळं समजावलं, आणि मग त्या हवालदाराला त्याच्या घरी किती माणसं आहेत ते विचारून घेतलं. पोलिसांपेक्षा माझ्या सासूबाई जास्त चिडल्या होत्या. त्या काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांनी ओल्या फडक्याने 'म्हातारी' तेवढं पुसलं आणि विचारलं, "आणि स्वतःच्या दारावर काय लिहिलंय बघू."

आम्ही बघितलं. त्यांच्या दारावर लिहिलं होतं, '२ माणसं'.

काकांच्या बायकोला, सुलभावहिनींना, जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सासूबाई फडकं पिळत वर गेल्या. मला वाटलं, सवयीने लिहिलं असेल.

वादळ ओसरल्यावर काका दाढी करतात, तेही सांगायला हवं. घरात नाही. कोठी बाजाराजवळचा एक न्हावी ठरलेला आहे, तो येतो आणि आमच्या पार्किंगच्या ऐन मधोमध खुर्ची टाकून काकांची दाढी होते. सगळ्यांच्या गाड्या अडतात. मी सेक्रेटरी या नात्याने याला हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मला चिन्नरेवूचं पहिलं मोठं वादळ सांगितलं. दिवे गेलेले, छपरं गेलेली, बाजारात नारळाची झाडं आडवी, आणि लोक आपापल्या पडक्या भिंतीपाशी नुसते बसलेले. कोणी काही उचलेना. काकांना भाषण करता येत नाही, तेलुगू तेव्हा अर्धवट. त्यांनी चौकात खुर्ची मागवली, अप्पाराव न्हाव्याला बोलावलं आणि दाढीला बसले. थोड्या वेळाने लोक बघायला जमले. मग एक जण उठला आणि त्याने आपला पत्रा उचलला.

"कमिशनरची दाढी होतेय म्हणजे सरकार जिवंत आहे," काका म्हणाले. "उद्या पाणी येईल, परवा दिवे येतील, असं माणसाला वाटायला लागतं. वाटलं की हात चालतात. मी काहीच केलं नव्हतं हो, नुसता बसलो होतो."

मी हरकत मागे घेतली. आता गाड्या अडल्या की लोक माझ्याकडे तक्रार करतात, आणि मी, लक्षात घेते, असं म्हणते.

वहीचं आता सांगते. निळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड, तीही पॉलिथिनमध्ये. वर सुरेख अक्षरात लिहिलंय, 'हट्टी माणसं'. वादळात सांगितल्यावर निघतात ती माणसं सोपी, असं काकांचं म्हणणं. त्यांच्यासाठी भोंगा पुरतो. पण प्रत्येक गल्लीत एक-दोन जण असे असतात की समुद्र दारात आला तरी निघत नाहीत, आणि मरतात ते तेच. म्हणून त्यांनी अकरा वर्षं ही वही ठेवली. तीन रकाने. नाव. का निघणार नाही. कोणाचं ऐकेल. ऑफिसातल्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून सगळं मराठीत, कारण गावात कोण का हट्टी आहे, हे गावाला कळलं तर माणूस आणखी हट्टी होतो.

मला ती वही त्यांनी मोठ्या विश्वासाने दाखवली, आणि मी हसून हसून बेजार झाले. एक सत्यवती टीचर होत्या. का निघणार नाही: सून आधी निघाली तर. कोणाचं ऐकेल: सून अजून घरातच आहे असं सांगणाऱ्याचं. एक पुजारी होते. देवाला एकटं सोडणार नाही. त्यापुढे लिहिलं होतं, 'देवाला यादीत घेतलं. माणसं २.' आणि एक होती नूकालम्मा. मासे विकणारी, एकटी बाई. का निघणार नाही: शेळी. कोणाचं ऐकेल: सौ.

ही सौ. मग मला पानोपानी दिसायला लागली. कोणाचं ऐकेल: सौ. कोणाचं ऐकेल: सौ. कमिशनर ते होते, शिक्का त्यांचा होता, पण गावातली अर्धी हट्टी माणसं सुलभावहिनींच्या सांगण्यावरून घराबाहेर पडत होती. वहिनींना मी ओळखत होते. मऊ बोलायच्या. त्या कोणाला जा म्हणत नसत. त्या दारात बसायच्या आणि विचारायच्या, शेळीला काय खायला लागतं, म्हणजे मी शाळेत काढून ठेवते.

वहीच्या शेवटी आमची बिल्डिंगही होती. माझं नाव वाचलं. मृणाल, ३०१. का निघणार नाही: आधी मीटिंग बोलवील. कोणाचं ऐकेल: सासू सोडून कोणाचंही. सासूबाईंपुढे लिहिलं होतं, लोणच्याची बरणी. बरणी आधी नेल्यास येतील. मी वही बंद केली आणि हे खोटं आहे असं सांगितलं. काका म्हणाले, हट्टी माणसं असंच बोलतात.

त्याच सुमारास एका दुपारी मी त्यांना शेंगदाण्याची चटणी द्यायला खाली गेले होते. दार उघडंच होतं. काका त्यांच्या जुन्या फोनवर तेलुगूत बोलत होते. त्यांच्याकडे अजून तो वायरवाला फोन आहे, कारण तुफानात टॉवर पहिला पडतो, असा त्यांचा अनुभव आहे. उपसागरात वादळ निघालं होतं आणि ते चिन्नरेवूच्या हट्टी माणसांना एकेक करून फोन लावत होते. तिथे आता नवा कमिशनर आहे, मोबाईलवर इशारा येतो, शाळेतच चांगली पक्की निवारा-इमारत बांधलीय. पण नव्या साहेबांकडे वही नाही.

"नूकालम्मा," काका सांगत होते, "अम्मा इथेच बसलीय. ती म्हणते, शेळी घे आणि शाळेत जा. हौ, आत्ता माझ्याशेजारीच आहे. तिला खोकला झालाय, बोलता येत नाही."

त्यांच्यामागे भिंतीवर वहिनींचा फोटो होता. पॉलिथिनच्या पिशवीत, आत चंदनाचा हार.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. चिन्नरेवूचे लोक फोन ठेवताना काकांचाच प्रश्न त्यांना गमतीने परत विचारतात, हे मला नंतर कळलं. तुमचं नाव बोला, माणसं बोला. काका म्हणाले, "दोन." आणि फोन ठेवला. मग त्यांनी मला पाहिलं.

"ही माणसं माझ्या बोलण्याने कधी निघाली नाहीत," ते म्हणाले. "सौ. गेली हे कळलं, तर पुढच्या वेळी कोणाच्या नावाने काढू त्यांना? कोणाला बोलू नका, सेक्रेटरी बाई."

मी कोणाला सांगणार होते. चिन्नरेवूचं कुत्रंसुद्धा माझ्या ओळखीचं नाही. पण मी वचन दिलं, चटणी ठेवली आणि वर आले. जिन्यात मला आधी त्यांचा राग आला आणि मग रडू आलं. चार वर्षं हा माणूस बायकोला फोनपुरती जिवंत ठेवून होता आणि फोन खाली ठेवला की एकट्याचा भात लावत होता. आम्ही मात्र त्याच्या टाकीला हसत होतो.

गेल्या वर्षीचं वादळ चिन्नरेवूच्या बाजूलाच धडकलं आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं हैदराबादेवर आलं. सकाळपासून पाऊस एका चालीने पडत होता. आमच्या मागच्या गल्लीतला नाला भरला, आणि दहाच्या सुमाराला पार्किंगमध्ये पाणी शिरलं. मी मीटिंग बोलवायचा विचार करत होते, एवढ्यात शिट्टी वाजली.

काकांनी एका तासात ग्राउंड फ्लोअर खाली केला. समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब दुसऱ्या मजल्यावर, यादगिरीची बायको आणि मुलं गच्चीच्या खोलीत. गाड्या उंच रस्त्यावर, मीटर बंद. सासूबाईंची लोणच्याची बरणी त्यांनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असूनही, तपासून घेतली. सगळं इतकं शांतपणे झालं की मला माझ्या सेक्रेटरीपणाची लाज वाटली. मग मी जिन्यात उभी राहून त्यांच्याच पद्धतीने नावं घेतली. अकरा फ्लॅट बोलले. बारावा बोलला नाही.

मी आणि श्रीकांत खाली गेलो. पाणी त्यांच्या उंबऱ्याच्या वर चढलं होतं. आत विटांवरचा फ्रिज बेटासारखा उभा होता, आणि काका जेवणाच्या टेबलावर मांडी घालून बसले होते. मांडीवर फोन, फोनवर नजर, शेजारी वही.

"वर चला, काका."

"एक नाव बाकी आहे," ते म्हणाले. "कालपासून बाकीची सगळी आली. नूकालम्मा आली नाही."

फोन मोबाईलवर घेता येईल, असं श्रीकांतने सांगून पाहिलं. नूकालम्माला हा एकच नंबर पाठ होता. फोन वाजत राहिला तर ती समजेल तुम्ही वर गेलात, मी म्हटलं.

"नाही. ती समजेल, घरात कोणी नाही." त्यांनी वायर अंगाजवळ ओढली. "मी गेलो असेन, पण अम्मा तरी फोन घेईल, असा तिचा हिशोब असतो."

श्रीकांतने त्यांना उचलायचा प्रयत्न केला. माणूस काडीसारखा, पण टेबल धरून बसला, आणि टेबल सागवानी. पाणी पाऊलभर होतं ते घोट्यांवर चढलं. मी म्हटलं, सेक्रेटरी म्हणून मी तुम्हाला आदेश देते. ते म्हणाले, लेखी द्या. मला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं, आणि या माणसाला इथून कसं काढायचं ते खरोखर सुचत नव्हतं. मग मला वही आठवली. हट्टी माणसासाठीच तर होती ती. मी मागचं पान उघडलं.

शेवटचं नाव त्यांचं स्वतःचं होतं. प्रभाकर उदगीरकर, ग्राउंड फ्लोअर. का निघणार नाही: फोन. कोणाचं ऐकेल: सौ.

'सौ.'वर पट्टी धरून एक सरळ रेघ मारलेली होती. त्यापुढे दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

मी वही मिटली. मी खुर्ची ओढली आणि पाण्यात पाय सोडून तिथेच बसले. श्रीकांत उभा राहिला. पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग फोन वाजला.

"नाव बोला, माणसं बोला," काका तेलुगूत म्हणाले.

नूकालम्मा समुद्राच्या आवाजात आयुष्यभर मासे विकलेली बाई. तिचा आवाज रिसीव्हरमधून आम्हा तिघांनाही ऐकू येत होता. एक माणूस, दोन शेळ्या, कालपासून शाळेत. टॉवर पडलाय, म्हणून ती पाऊस थांबल्यावर चालत नगरपालिकेच्या ऑफिसात आली होती, तिथला फोन चालू होता, जनरेटरवर टीव्हीही. काकांनी वहीत खूण केली.  मग ते नेहमीसारखे सुरू झाले, अम्मा इथेच बसलीय, तुझी काळजी करत होती.

"सारू, ते राहू द्या," नूकालम्मा म्हणाली. "इथे टीव्हीवर हैदराबाद दाखवताहेत. गल्लीत होड्या चालल्यात. तुमच्या घरात पाणी आलंय का?"

"थोडं."

"कुठपर्यंत?"

पाण्याच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलू शकत नाही. "पोटरीपर्यंत," ते म्हणाले.

 मग ती म्हणाली, "अम्मा असत्या तर त्यांनी तुम्हाला पोटरीपर्यंत बसू दिलं असतं?"

 काकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच सांगितलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"पाच वर्षं झाली, सारू. अम्मा फोनजवळ आहेत आणि त्यांनी माझ्या शेळीचं विचारलं नाही, असं होईल का? पहिल्याच वर्षी कळलं मला. टीचरना कळलं, पुजाऱ्याला कळलं. सगळ्यांना माहीत आहे."

"मग तुम्ही निघत कशाला होता?" काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुम्ही इतकं खोटं बोलत होता आमच्यासाठी. आम्ही घरात बसलो असतो तर तुम्हाला किती वाईट वाटलं असतं." तिने नाक ओढलं. "आता उठा. वर जा आणि या ऑफिसात फोन करा. तुमचा फोन आल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मी किती हलते ते तुम्हाला माहीत आहे."

काकांनी फोन ठेवला.  डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले. मग त्यांनी वही घेतली, भिंतीवरून वहिनींचा फोटो पिशवीसकट उतरवला, आणि टेबलावरून पाण्यात पाय टाकला. श्रीकांतने त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. जिन्यावर ते प्रत्येक मजल्यावर थांबले, दम लागला होता म्हणून. माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

आमच्या घरी सासूबाईंनी गॅसवर चहा ठेवला होता. त्यांनी काकांना टॉवेल दिला, आणि वहिनींचा फोटो त्यांच्या हातातून घेऊन लोणच्याच्या बरणीशेजारी, कोरड्या फळीवर ठेवला. काकांनी माझा मोबाईल मागितला. चिन्नरेवूच्या ऑफिसचा नंबर त्यांनी न बघता लावला.

"उदगीरकर प्रभाकर," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर आहे. कोरडा आहे."

मोबाईलवर नूकालम्मा ऐकू येत नव्हती, पण तिने काय विचारलं ते मला माहीत होतं.  काकांनी सासूबाईंकडे पाहिलं, त्या कप मांडत होत्या. श्रीकांतकडे पाहिलं, तो मोरीत पँट पिळत होता. मग माझ्याकडे पाहिलं. बोट उचलून मोजावं तसे त्यांचे ओठ हलले.

"चार," ते म्हणाले.

पलीकडून पुन्हा काही विचारणं झालं. काकांनी एकदा खात्रीने सांगितलं, दुसऱ्यांदा जरा रागाने सांगितलं, आणि मग मोबाईल माझ्यापुढे धरला.

"तिला माझ्या आकड्यावर भरवसा नाही म्हणे," ते म्हणाले. "पाच वर्षं चुकीचा आकडा दिला ना. तुम्ही बोला, सेक्रेटरी बाई."

मी फोन कानाला लावला. तेलुगू मला कळतं सगळं, बोलता येतं ते भाजी आणण्यापुरतं. मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, चार माणसं, सगळी वर आहेत, सारू आमच्यातच आहेत.

"बरं," ती म्हणाली. "मग यादी बंद करते. त्यांना आता जेवायला वाढा."